दहा हजार लक्स आणि गच्चीचं कुलूप

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच मोबाइलवर एक जाहिरात फिरू लागते. पुस्तकाएवढी पांढरी, उजळलेली पाटी, तिच्याशेजारी वाफाळता मग, लोकरी स्वेटर घातलेली हसरी बाई आणि खाली मजकूर : हिवाळ्यातली मरगळ घालवा, रोज फक्त अर्धा तास. त्या दिवसांत पुण्यात बाहेर काय चाललेलं असतं? सकाळी आठलाच रस्त्यावर लख्ख ऊन, कठड्यांवर गाद्या-रजया उन्हाला टाकलेल्या, आभाळात नावालाही ढग नाही. म्हणजे जाहिरात ज्या अंधाऱ्या ऋतूवर उतारा सांगते, तो ऋतू या महिन्यांत पुण्यात नसतोच. आणि जेव्हा असतो, म्हणजे आषाढ-श्रावणात, तेव्हा ही बाई कुठेच दिसत नाही.

एवढ्यावरून ‘हे सगळं परदेशी फॅड’ म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतील. मी त्यांच्यातला नाही. प्रकाशाचा दिवा हा खरा उपचार आहे आणि ज्याला त्याची गरज आहे त्यानं तो खुशाल वापरावा. माझं भांडण वेगळं आहे. वर्षातले आठ महिने ऊन ओसंडून वाहणाऱ्या शहरात माणसाला प्रकाश विकत घ्यावासा वाटतो, तेव्हा त्याच्या मनाइतकीच त्याच्या घराची, ऑफिसची आणि सोसायटीचीही तपासणी व्हायला हवी.

आधी दिव्याची बाजू. नॉर्मन रोझेन्थाल हे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे. तिथलं ऊन सोडून ते १९७६ मध्ये अमेरिकेत आले आणि तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो, हे त्यांना स्वतःवरूनच जाणवलं. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करताना त्यांच्या गटापुढे एक अभियंता आला. स्वतःच्या मनःस्थितीच्या नोंदी त्यानं वर्षानुवर्षं वह्यांमध्ये लिहून ठेवल्या होत्या आणि दिवस लहान होऊ लागले की आपण कोसळतो, हे त्याचं त्यानंच ताडलं होतं. त्याच्यावर प्रखर प्रकाशाचा प्रयोग झाला, तो सुधारला. १९८४ मध्ये रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या या नैराश्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच्या चार वर्षं आधी आल्फ्रेड लुई यांच्या गटानं दाखवलं होतं की झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक माणसातही प्रकाशानं दबतं, पण त्यासाठी घरातल्या दिव्याचा प्रकाश पुरत नाही. ५०० लक्सला काही होईना, २५०० लक्सला झालं. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजायचं एकक. सगळ्या प्रकरणाची मेख या आकड्यांत आहे.

डोळ्याच्या पडद्यात नुसतं बघण्यासाठीच पेशी असतात असं नाही. बाहेर उजाडलं की मावळलं, एवढीच वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देणाऱ्याही काही पेशी तिथे आहेत, हे २००२ च्या सुमारास पक्कं झालं. निळसर प्रकाशाला त्या जास्त दाद देतात. सकाळी पुरेसा प्रकाश डोळ्यांवर पडला की हे घड्याळ जागेवर येतं, नाही पडला तर मागे रेंगाळतं. ऋतूनुसार येणारं नैराश्य फक्त यामुळेच होतं असं म्हणणं धाडसाचं ठरेल, पण उपचाराचा पाया हाच.

तो चालतो का? कॅनडात ९६ रुग्णांवर झालेली एक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवडे एका गटाला १०,००० लक्सचा दिवा, दुसऱ्याला फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची नेहमीची गोळी. दोन्ही गट सारखेच सुधारले. २०१६ मध्ये ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यावरही दिव्याचा उपयोग होतो असं १२२ जणांच्या चाचणीत दिसलं, आणि दिवा अधिक गोळी ही जोडी सगळ्यांत सरस ठरली. मात्र त्रास सुरू होण्याआधीच दिवा लावून तो टाळता येतो का, यावरचा पुरावा अगदी तोकडा आहे. उपचारांचे पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात त्या प्रश्नावर हाती लागला तो एकच अभ्यास, तोही ४६ जणांचा. आजारी माणसाला बरं करण्याचा पुरावा एक आणि ‘सगळ्यांनीच लावा, फ्रेश राहा’ या जाहिरातीला लागणारा पुरावा दुसरा. जाहिरात पहिला दाखवून दुसरा माल खपवते.

आता पुणं. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा होतो. नॉर्वेतल्या र्‍यूकान या दरीतल्या गावात सप्टेंबर ते मार्च सूर्यच पोचत नाही, म्हणून २०१३ मध्ये तिथल्या लोकांनी डोंगरावर मोठाले आरसे बसवून गावाच्या चौकात ऊन पाडलं. पुणं साडेअठरा अक्षांशावर. इथला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. एवढ्या फरकानं माणूस खचावा असं काही नाही. पण घड्याळातला दिवस आणि प्रत्यक्ष पडणारं ऊन यांत फरक असतो. डिसेंबरात पुण्यात सरासरी रोज नऊ तासांच्या वर ऊन असतं, जुलै-ऑगस्टात ते चार तासांच्या आसपास येतं. उन्हाचे हे तास मोजायचं वेधशाळेतलं जुनं साधन फार देखणं आहे : एक भरीव काचेचा गोळा आणि त्याच्यामागे वाकवून बसवलेली पुठ्ठ्याची पट्टी. सूर्य सरकेल तसा गोळ्यातून एकवटलेला किरण पट्टीवर जळकी रेघ ओढत जातो. ढग आला की रेघ तुटते. आषाढात दिवसच्या दिवस पट्टी कोरी उतरते.

त्यामुळे पुण्यात कुणाला ‘ऋतूचा’ त्रास होत असेल तर तो बहुधा या कोऱ्या पट्ट्यांच्या दिवसांत होणार. खरं तर आपण सगळेच तो थोडाफार ओळखतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, दुपारी चारला दिवे लावावे लागतात, उठवत नाही, सारखं काहीतरी तळलेलं खावंसं वाटतं. आता भजी खावीशी वाटणं म्हणजे नैराश्य नव्हे, हेही सांगून टाकलेलं बरं. वैद्यकात ऋतूनुसार येणारं नैराश्य हा वेगळा आजार मानत नाहीत, तो नैराश्याचाच एक आकृतिबंध. ठरावीक महिन्यांत माणूस खरोखर मोडून पडला पाहिजे, ऋतू सरल्यावर सावरला पाहिजे आणि हे किमान लागोपाठ दोन वर्षं घडलं पाहिजे. आठवडाभर कंटाळा आला म्हणून या रांगेत कुणी उभं राहू नये. एप्रिल-मेच्या काहिलीत ढासळणारेही असतात, त्यांना प्रखर दिवा देणं म्हणजे तापलेल्या माणसाला घोंगडी देणं.

पट्टी कोरी उतरली म्हणजे बाहेर प्रकाश नव्हता, असा मात्र अर्थ होत नाही. ती पट्टी थेट किरणानं जळते, ढगांतून गाळून आलेल्या उजेडाची ती दखलच घेत नाही. जुलैतल्या एका गच्च सकाळी नऊच्या सुमारास मी मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपनं आमच्याच इमारतीत फिरून पाहिलं. मोबाइलचं माप काही प्रयोगशाळेचं नव्हे, पण अंदाज यायला पुरतं. जेवणाच्या टेबलावर, ट्यूब चालू असताना, शंभराच्याही आत. खिडकीच्या कट्ट्यावर सातशेच्या आसपास. जिन्यात वीस-पंचवीस. आणि गच्चीवर, जिची किल्ली मागायला तळमजल्यावर जावं लागलं, त्या भुरक्या आभाळाखाली, आकडा दहा हजार ओलांडून पुढे गेला. जाहिरातीतला दिवा जो आकडा नाकापुढे धरून गाठतो, तो आमच्या डोक्यावर पाऊस भरलेला असतानाही होता. आमच्यात आणि त्याच्यात एक स्लॅब होता.

इथे लगेच कुणी म्हणेल, मग झालं, सकाळी उठून पर्वती चढा, तळजाईला जा, दिवा कशाला? पुण्यात हा सल्ला फार उदारपणे वाटला जातो आणि तो देणारे बहुतेक सगळे टेकडीवर नियमित जाणारे असतात. नैराश्यात पहिली जाते ती उठून बाहेर पडण्याची ताकदच. ज्याला दात घासायला उठणं जड जातंय त्याला वेताळ टेकडीची वाट दाखवणं म्हणजे, पाय मोडलेल्याला ‘चालायला लाग, पाय बरा होईल’ म्हणण्यासारखं आहे. दिवा अशा माणसाच्या टेबलापर्यंत येतो, ही त्याची मोठी बाजू. अंथरुणाला खिळलेल्या आजी, रात्रपाळी करून पहाटे घरी येणारी मुलगी, चोहोबाजूंनी इमारतींनी वेढलेल्या तळमजल्यावरचं बिऱ्हाड, यांनाही फुकटच्या उन्हाचं प्रवचन देऊन उपयोग नाही.

रात्रपाळीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांमुळे पुण्यात तो मोठा वर्ग आहे. शरीराची रात्र संपत आल्यावर, म्हणजे नेहमीच्या उठण्याच्या वेळेला, पडलेला प्रकाश घड्याळ पुढे ओढतो. त्याच्या बऱ्याच आधी पडलेला प्रकाश तेच घड्याळ मागे ढकलतो. अमेरिकेच्या वेळेवर काम करून पहाटे पाचला घरी आलेल्या माणसानं जाहिरात वाचून लगेच दिव्यासमोर बसायचं ठरवलं, तर झोपेचे तीनतेरा वाजतील. म्हणजे केव्हा लावायचा हाच उपचाराचा अर्धा भाग आहे आणि खोक्यात तो मिळत नाही.

बाकीची रीत तशी साधी आहे. उठल्यावर पहिल्या तासाभरात, १०,००० लक्स, वीस ते तीस मिनिटं. डोळे उघडे, पण दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. तो थोडा बाजूला, डोळ्यांच्या पातळीच्या किंचित वर, आणि आपण पेपर वाचत बसायचं. फरक पडायचा तर एक-दोन आठवड्यांत जाणवू लागतो. डोकं दुखणं, डोळे ताणल्यासारखे वाटणं, चिडचिड हे सुरुवातीला होऊ शकतं. पण ज्यांना बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि उन्माद यांत आलटून-पालटून झुलवणारा आजार आहे त्यांच्यात प्रखर प्रकाशानं उन्माद उसळू शकतो, आणि नैराश्य म्हणून दिसणाऱ्या कित्येकांत तो आजार दडलेला असतो. मधुमेहानं डोळ्यांचा पडदा बिघडलेला असेल, प्रकाश सोसू न देणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टर. मधुमेह पुण्यात कुठल्या घरात नाही?

शिवाय एक गल्लत सर्रास होते. हा दिवा ड जीवनसत्त्व देत नाही. ते त्वचेवर पडणाऱ्या अतिनील किरणांचं काम. चांगल्या दिव्यात ते किरण मुद्दाम गाळलेले असतात, कारण ते डोळ्यांना वाईट. ‘डी कमी आलंय, म्हणून लॅम्प घेतला’ हे वाक्य मी एकाहून अधिक सुशिक्षित तोंडांतून ऐकलं आहे.

प्रकाश हे औषध आहे ही कल्पना आपल्याला नवी नाही. काविळीनं पिवळ्या पडलेल्या नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे घराघरात ठाऊक आहे. तिथे दिव्याची ताकद मोजतात, वेळ ठरवतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात, पुन्हा रक्त तपासतात. मनासाठीचा दिवा मात्र सुगंधी मेणबत्त्या आणि उशांच्या रांगेत विकला जातो. खोक्यावर ठळक अक्षरांत १०,००० लक्स. किती अंतरावर, ते शोधावं लागतं. लहानशा पाटीचा तो आकडा बऱ्याचदा वीतभर अंतरावरचा असतो. हातभर मागे सरकलात की एक-दोन हजारही उरत नाहीत. माझी साधी मागणी आहे : लक्सच्या आकड्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत अंतर छापणं सक्तीचं करा, आणि बायपोलर व डोळ्यांच्या आजारांचा इशारा मराठीत लिहा. पंख्यावर आणि फ्रिजवर ताऱ्यांची पट्टी लावू शकणाऱ्या देशाला हे अवघड नाही. आणि नैराश्यावर उपचार करणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयांनी असे चार-दोन दिवे ठेवून रुग्णाला महिनाभर वापरायला द्यावेत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं आढळलं होतं. अशा ठिकाणी दिव्याच्या दुकानाआधी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक लोकांच्या नजरेस पडायला हवा. पावसाळ्यातली उदासी समजून ज्याकडे काणाडोळा होतो ते पुष्कळदा साधंसुधं नैराश्य असतं. ते बाराही महिने असतं, पावसात फक्त बाहेर पडायचं निमित्त संपतं.

आता स्लॅबकडे वळू. जुने वाडे कसे हवेशीर होते, मधला चौक, त्यात उतरणारं ऊन, हे स्मरणरंजन पुण्यात स्वस्त आहे. चौक होता हे खरं, पण वाड्यातली माजघरं अंधारी होती, बाळंतिणीची खोली तर मुद्दाम अंधारी ठेवत, आणि त्या अंधारात दिवस काढणाऱ्या बायकांच्या मनःस्थितीच्या वह्या कुणी ठेवल्या नाहीत. तसंच अर्घ्याचं. सूर्याला सकाळी अर्घ्य देणं, सूर्यनमस्कार घालणं या चांगल्या सवयी आहेत, पण पूर्वजांना मेलाटोनिन ठाऊक होतं असं सिद्ध करायला निघालेल्यांनी एवढं पाहावं, की रथसप्तमी येते माघात, पुण्यात उन्हाचा तुटवडा असतो त्या महिन्यांत नव्हे.

आजचा प्रश्न आजच्या बांधकामाचा आहे. वाडा पाडून तिथे पार्किंगवर सात मजले उभे राहतात. शेजारच्या वाड्याचंही तेच होतं, आणि दोन्हींच्या बेडरूमच्या खिडक्या एकमेकींकडे बघत बसतात. बांधकाम नियमावलीत खिडक्या आहेत, मोकळ्या जागा आहेत, नकाशे त्याप्रमाणे मंजूरही होतात. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून ऑगस्टात किती उजेड आत येतो, हे नकाशावर दिसत नाही. पुनर्विकासाच्या बैठकांत मी कार्पेट एरियावर हमरीतुमरी पाहिली आहे, पार्किंगवर पाहिली आहे, उजेडावर कधीच नाही. ऑफिसांत तर काचेच्या इमारतीत शिरलेला माणूस गडद काच, त्यावर पडदे आणि खिडकीशी साहेबांची केबिन अशा तीन चाळण्यांपलीकडे बसतो. शाळांत प्रार्थना मैदानावरून वर्गातल्या स्पीकरवर आली. लहानांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, असं राज्य सरकारनं २०२४ मध्ये सांगितलं. झोपेचा विचार झाला, हे उत्तमच. त्याच मुलांना पहिली पंधरा मिनिटं मैदानात उभं करायला तर आदेशाचीही गरज नाही.

टेकड्यांबद्दल एवढंच, की वेताळ टेकडीतून रस्ता नेण्याच्या वादात झाडं, पक्षी, भूजल यांची बाजू लोकांनी हिरिरीनं मांडली, ती योग्यच होती. रोज सकाळी हजारो पुणेकरांच्या डोळ्यांवर पडणारा उजेड हाही त्या जमेच्या बाजूला मांडायला हवा.

पण टेकडी सगळ्यांच्या दारात नाही. गच्ची आहे, आणि ती बंद आहे. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये गच्चीच्या दाराला कुलूप हा जणू निसर्गनियम झाला आहे. किल्ली सेक्रेटरींकडे, ते बाणेरला मुलाकडे. दारावर पाटी : ‘कामाशिवाय वर जाऊ नये.’ ऊन खाणं हे काम आहे की नाही, यावर पाटी गप्प. गच्ची सर्व सभासदांची सामाईक जागा, पण तिथे मुक्काम टाक्यांचा, सोलरच्या नळ्यांचा आणि कुणाच्या तरी मोडक्या सोफ्याचा.

कुलपामागचं कारण क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. मुलं कठड्यावर चढतात, पोरं रात्री पार्ट्या करतात, आणि ज्याचा उच्चार सभेत कुणी करत नाही ती भीती : कुणी वरून उडी मारली तर? ही भीती खरी आहे आणि ज्या इमारतीत तसं घडलं आहे तिथल्या लोकांना शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. पण त्यावरचा उपाय उंच कठडा, जाळी, आणि ठरावीक वेळेला उघडं दार हा आहे. सकाळी सात ते नऊ वॉचमन दार उघडेल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पावसाळ्यासाठी एका कोपऱ्यात पत्र्याची छोटी शेड, जिच्याखाली बसून तीन बाजूंनी आभाळ दिसेल. खर्च लिफ्टच्या एका दुरुस्तीएवढा. तिथे रोज दोन-चार माणसं पेपर घेऊन बसू लागली, तर एकटं वर येणाऱ्याकडे कुणाचं तरी लक्षही राहील. बंद दारामागे ते कुणाचंच नसतं.

सहकारी सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे अंधारे महिने नुकतेच सोसून झालेले असताना सगळे एका जागी जमतात. विषयपत्रिकेत लीकेज असतं, थकबाकी असते, कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांचा विषय असतो. गच्ची नसली तरी हरकत नाही, शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ अशी ओळ छापलेली असतेच. फक्त चहा-सामोसे येण्याआधी हात वर करावा लागेल.